मखमलीतली रात्र

आमच्या केंद्रात त्यांना सगळे बॅटरीमावशी म्हणतात. कागदोपत्री त्या मदतनीस आहेत, पण मदतनीस कुठे बसतात असं कोणी दारात विचारलं, तर शिपाईसुद्धा क्षणभर गोंधळेल.

केंद्र लहान मुलांचं आहे. कुणाला बोलायला उशीर झालेला असतो, कुणाला आवाज सोसत नाही, कुणाला उजेड, कुणी अंगाला हातच लावू देत नाही. अशी मुलं सकाळी येतात आणि दुपारी घरी जातात. मी तिथलं कार्यालय सांभाळतो. माझं टेबल आणि मावशींची खोली यांच्यामध्ये एक पातळ लाकडी पार्टिशन आहे, त्यामुळे मुलांना त्या रोज सांगतात ती गोष्ट मला तोंडपाठ झाली आहे. मुद्दाम ऐकत नाही, पण बिलं तपासताना हत्तीचं पिल्लू कुठवर पोचलं हे मला ठाऊक असतं.

मावशी पूर्वी एका थिएटरात डोअरकीपर होत्या. खेळ सुरू झाल्यावर येणाऱ्या लोकांना बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, हे काम. तरुणपणी लागल्या त्या थिएटर बंद होईपर्यंत तिथेच. "किती सिनेमे पाहिले असतील तुम्ही," असं कोणी म्हटलं की त्या म्हणतात, "पाहिले पुष्कळ, पण एकाचीही सुरुवात पाहिली नाही. सुरुवातीला लोक बसवत असायचे. म्हणून तर माझ्या गोष्टीतला हत्ती एकदम चालायलाच लागतो. तो कोणाचा, कुठला, मला विचारू नका."

त्यांनी लग्न केलं नाही. थोरल्या बहिणीबरोबर राहतात. बहीण जिभेची तिखट. "जन्मभर दुसऱ्यांना खुर्च्या दाखवल्यास, स्वतः कधी बसलीस का?" हा तिचा ठरलेला टोमणा. त्यावर मावशींचं ठरलेलं उत्तर, "तू बसली आहेस ना, दोघींच्या वाटचं."

थिएटर बंद झालं तेव्हा खुर्च्या विकल्या गेल्या, पंखे गेले, दारंसुद्धा गेली. पडदा मात्र कोणी घेईना. ज्यावर चित्र पडतं तो पांढरा पडदा नव्हे. त्याच्या पुढचा, खेळाआधी दोन्हीकडे सरकणारा, गडद तपकिरी मखमलीचा. वजनदार, अस्तर लावलेला. मालक म्हणाला, "हवा तर ने, नाहीतर जाळून टाकतो." मावशींनी तो हातगाडीवर घालून घरी आणला. घरात त्याने पलंगाखालची, पलंगावरची आणि पलंगाशेजारची अशी सगळी जागा व्यापली. बहीण म्हणाली, "आता एक तर हा राहील नाहीतर मी. नीट विचार करून सांग, घाई नाही."

पुढे मावशी आमच्याकडे लागल्या आणि त्यांच्या मागोमाग पडदाही आला. थेरपीच्या मॅडम तेव्हा मुलांसाठी एखादा शांत, अंधारा कोपरा करायच्या विचारात होत्या. सुताराने छताला आडव्या लाकडी पट्ट्या मारल्या, त्यांना कड्या लावून पडदा चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडला, आणि तंबू तयार झाला. आत पाच-सहा मुलं आणि मावशी मावतात. एकदोनदा मीही गुडघ्यांची समजूत घालून आत गेलो होतो. बाहेरची रहदारी, स्वयंपाकघरातली भांडी, माझ्या टेबलावरचा फोन, सगळं जणू शेजारच्या गावाहून यायचं. आणि एक वास होता. कोरडा, जुना, किंचित गोडसर. कशाचा ते सांगता यायचं नाही.

गोष्ट एकच. हत्तीच्या पिल्लाला झोप येत नाही, कारण दिवस संपतच नाही. ते रात्र शोधायला निघतं. नदीपाशी पोचतं तेव्हा मुलं टबातल्या पाण्यात हात घालून थंडगार गोटे धरतात. जंगलातून जातं तेव्हा खोक्यातली वाळलेली पानं चुरचुरतात. मेंढ्यांमधून वाट काढतं तेव्हा लोकरीचा गोळा हातोहात फिरतो. पिल्लू सगळ्यांना विचारतं, रात्र पाहिलीत का? कोणीच पाहिलेली नसते. शेवटी दमून ते आपल्या आईच्या पोटाखाली शिरतं. इथे मावशी बॅटरी विझवतात आणि मुलांचे हात पडद्याकडे नेतात. मखमलीवर खालून वर हात फिरवला की लव उभी राहते, हाताला अडवते. वरून खाली फिरवला की मऊ, गुळगुळीत. "असा फिरवला की दिवस," मावशी म्हणतात, "आणि असा फिरवला की..."

आणि थांबतात. ज्याला जमेल त्याने म्हणायचं, रात्र. ज्याला जमणार नाही त्याने नुसता हात फिरवायचा. घाई कोणी करायची नाही. कधीकधी हा थांबा इतका लांबतो की पार्टिशनच्या अलीकडे माझं पेन आपोआप थांबतं.

गोष्टीत बदल चालत नाही. एकदा कंटाळून मावशींनी नदीत मगर घातली, तर तोवर कोणाकडे मान वर करून न बघणाऱ्या एका मुलाने पानांचं अख्खं खोकं त्यांच्या डोक्यावर उपडं केलं. केसांतली पानं वेचत मावशी बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "साहेब, मगर रद्द. प्रेक्षकांना पसंत नाही."

या मुलांत एक पाचेक वर्षांची मुलगी होती. खोलीच्या मधून ती कधी चालायची नाही. भिंतीला खांदा घासत, कोपऱ्यातून वळण घेत जिथे जायचं तिथे जायची. मावशींनी तिचं नाव मुंगी ठेवलं. नाव ऐकून आईला राग येईल असं मला वाटलं होतं, पण आठवड्याभरात तीच फाटकाशी "मुंगे, चल" म्हणायला लागली.

मुंगी बोलत नव्हती. केस विंचरू देत नव्हती. कित्येक दिवस ती तंबूच्या आत गेली नाही. बाहेरूनच पडद्याची कड मुठीत धरायची आणि गाल, नाक, ओठ त्यावर टेकवून उभी राहायची, गोष्ट संपेपर्यंत. मग एक पाय आत, एक बाहेर. "अर्धं तिकीट काढलंय," मावशी म्हणायच्या. मग एके दिवशी पूर्ण आत. मग हात फिरवायला लागली. आणि पुढे कधीतरी, त्या थांब्यात, एक आवाज आला. आधी "रा", लांबलचक, बारीक. नंतर बराच वेळ काही नाही. मग श्वास सोडावा तसा "त".

मावशी गोष्ट संपवून माझ्या टेबलापाशी आल्या.

"साहेब, ऐकलंत?"

"ऐकलं."

"कोण होतं?"

"तुम्हीच सांगा, तुम्ही आत होतात."

"अंधार होता हो," त्या म्हणाल्या, आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. "पण माझ्या मांडीला गुडघा तिचाच लागला होता."

त्यानंतर ती रोज म्हणू लागली. फक्त तिथे, फक्त त्या ठिकाणी, हात मखमलीवर असताना. मॅडमनी इतर खोल्यांत, रात्रीची चित्रं दाखवून पाहिलं. नाही. घरीही नाही.

मुंगीची आई एका मोठ्या लाँड्रीत कामाला आहे. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे येतात. सकाळी धावतपळत मुलीला सोडायची, दुपारी जेवणाच्या सुट्टीत येऊन घेऊन जायची. मावशींनी तिला फाटकात सांगितलं, तेव्हा तिने दोनदा विचारलं, "माझीच ना?" आणि मग, "कशी म्हणाली?"

"आता ते मी कशाला सांगू? येऊन ऐक. रजा कधी मिळते तुला?"

तिची साप्ताहिक सुट्टी आणि आमची सुट्टी एकाच दिवशी. दुसऱ्या बाईशी दिवस बदलून घ्यायचा तर मुकादमाची मिनतवारी. पण तिने जमवलं. केंद्राला मध्ये आठवडाभर सुट्टी होती. मुकादमाने दिला तो ती संपल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातला दिवस.

"पडद्याच्या बाहेर बसायचं," मावशींनी बजावलं. "आत डोकवायचं नाही, खोकायचं नाही."

"श्वास घेतला तर चालेल?"

"हळू घे."

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मुंगीची आई लवकर आली आणि माझ्या टेबलाशेजारीच मावशींना म्हणाली, "मावशी, पडदा मला द्या. धुऊन आणते."

"छे गं. मळत नाही तो, रंगच तसा आहे."

"रंग तसा नाही मावशी, मळ तसा आहे. मी रोज हेच बघते."

"असू दे. धुळीची सवय आहे त्याला."

"त्याला आहे, पोरांना कुठे आहे? माझी पोर तोंड लावून बसते त्याला." मग तिचा आवाज खाली आला. "तुम्ही तिच्यासाठी एवढं केलंत. मला दुसरं काय येतं? धुता येतं. तेवढं तरी करू द्या."

एक मुलगा तंबूत खोकतो असं मॅडमही मध्ये बोलल्या होत्या. मावशी आत पडद्यापाशी गेल्या. थिएटरात तो कधी धुतला गेला नव्हता. वर्षाकाठी खाली उतरवून वेताच्या छडीने झोडपायचे आणि पुन्हा चढवायचे. तो आळसाचा भाग, असंच मावशी आजवर समजत आल्या होत्या. त्यांनी स्वतःच स्टुलावर चढून कड्या सोडवल्या. लाँड्रीची गाडी दाराशी होती. गाडीत टाकताना मावशी म्हणाल्या, "वजनदार आहे हो बाई, कंबर सांभाळ."

तिने अंग चोरलं नाही, हे सांगायला हवं. काम संपल्यावर, मुकादमाची परवानगी काढून, सगळ्यांत मोठ्या मशीनमध्ये, इस्पितळाच्या चादरींना लावतात तशा कढत पाण्यात, चांगल्यातली पावडर घालून तिने तो धुतला. मग ड्रायरमध्ये सुकवला. तिच्या धंद्यात मन लावून धुणं म्हणजे हेच.

सुट्टी संपली त्या सकाळी, मुलं यायच्या आधी, ती पडदा घेऊन आली. आम्ही तो चढवला. रंग लाल होता. इतकी वर्षं कोणाला माहीत नव्हतं. भिजलेल्या मांजरासारखी मखमलीची लव ठिकठिकाणी चिकटून बसली होती. अस्तर आक्रसलं होतं आणि घड्या पुठ्ठ्यासारख्या ताठ झाल्या होत्या. पडदा आता जमिनीला टेकत नव्हता. खालून उजेड आत येत होता. साबणाचा वास खोलीभर पसरला.

मावशींनी हात वर नेला, खाली आणला. पुन्हा वर नेला. दोन्हीकडून सारखंच लागत होतं.

"छान निघालाय," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं होतं सुकल्यावर मऊ होईल."

"होईल."

"मावशी, खरं सांगा."

"होईल गं. तू कामाला जा, उशीर होईल."

मुंगी नेहमीसारखी भिंतीकडेने आली. कड मुठीत धरली, गाल टेकवला, आणि लगेच काढून घेतला. वास घेतला. हातातली कड सोडून तिने एकदा आमच्याकडे पाहिलं. मग वळली आणि पलीकडच्या भिंतीला तोंड लावून उभी राहिली. रडली नाही. मावशी पुढे कितीतरी दिवस तेवढंच बोलत होत्या: "रडली असती तर समजूत तरी घातली असती."

बाकीची मुलं चार दिवसांत रुळली. त्यांना पानं होती, गोटे होते, हत्ती होता. थांब्यात सगळी ओरडून रात्र म्हणायची आणि खिदळायची. भिंतीशी मुंगी कानांवर हात ठेवून उभी असायची.

मग जे सुचेल ते झालं. मावशींनी कपड्याच्या ब्रशने लव उभी करून पाहिली. काम सुटल्यावर मुंगीची आई लाँड्रीतली वाफेची इस्त्री घेऊन आली. दोघी संध्याकाळभर एका पट्ट्यावर वाफ मारत बसल्या. लव उभी राहायची, दोघी एकमेकींकडे बघायच्या, आणि गार झाली की ती पुन्हा निजायची. मावशींनी बाजारातून नवी मखमल आणली. ती हलकी, सळसळती, हात लावला की झिणझिणी यायची. मुंगीने तिला एक बोट लावलं आणि ते बोट फ्रॉकला पुसलं. मी कापडाच्या तीन-चार मोठ्या दुकानांत फोन केले. "तसला माल आता येत नाही," असं प्रत्येकाने सांगितलं, एकाने तर जरा हसूनच.

त्या पडद्याला रोज शिव्या देणाऱ्या बहिणीने एके दिवशी उशीचा एक जुना अभ्रा पाठवला. निरोप असा: याच्यात त्या मेल्याचा वास मुरलाय, धुऊन धुऊन गेला नाही, नाक दाबून झोपले मी इतके दिवस, बघा पोरीला चालतो का. मुंगीने अभ्रा घेतला. नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मावशींनी हळूच गोष्ट सुरू केली, तंबूबाहेर, जमिनीवर बसून. नदी आली, पानं आली. मेंढ्यांपाशी अभ्रा खाली पडला. मुंगीने तो उचलला नाही.

मॅडमना मावशींनी सरळच विचारलं, "तुम्ही शिकलेल्या आहात. तिला त्यातलं नेमकं काय हवं होतं?"

"मला माहीत नाही, मावशी," मॅडम म्हणाल्या. "वास असेल, वजन असेल, अंधार असेल, सगळं मिळून असेल. आणि पडदा तसाच राहिला असता तरी ती बोलत राहिली असती, हेही मी सांगू शकत नाही."

"मग आता काय करायचं?"

"थांबायचं. जबरदस्ती करायची नाही."

"थांबायचं म्हणजे करायचं काय?"

दुसऱ्या दिवसापासून मॅडम रोज थोडा वेळ मुंगीच्या शेजारी भिंतीला टेकून बसू लागल्या, काही न बोलता.

मुंगीची आई सुरुवातीला फाटकात विचारायची, "आज?" मावशी मान हलवायच्या. मग तिने विचारणं बंद केलं. ती आली की मावशीच आधी बोलायच्या, उन्हाबद्दल, रिक्षाबद्दल, कशाबद्दलही.

दिवस बदलून घेतलेली रजा आता परत बदलता येणार नव्हती. आदल्या दुपारी ती म्हणाली, "येऊ का उद्या? की नको?"

"ये," मावशी म्हणाल्या. "ठरलंय ना."

ती आली. धुतलेले कपडे, केस घट्ट बांधलेले. मी माझ्या टेबलाजवळचं स्टूल पार्टिशनपलीकडे तंबूपाशी नेऊन दिलं, आणि कागद-पेन घेऊन मीही तिथेच दाराशी खुर्ची ओढली. मुंगी खिडकीजवळच्या भिंतीशी होती, पाठ आमच्याकडे. गोष्ट सुरू झाली. पिल्लू चालायला लागलं. मावशींचा आवाज नेहमीसारखाच होता, कदाचित थोडा सावकाश. नदी. जंगल. मेंढ्या. बॅटरी विझल्याचा बारीक खटका.

"असा फिरवला की दिवस. आणि असा फिरवला की..."

मी पेन खाली ठेवलं. मुंगीच्या आईने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. ती मुलीच्या पाठीकडे बघत होती.

"रात्र!" मुलं ओरडली आणि हसली. एरवी मावशी इथे पुढे जातात. त्या दिवशी गेल्या नाहीत. हसू ओसरलं, एक मूल जांभई देऊन गप्प झालं, आणि त्या तशाच थांबून राहिल्या. स्वयंपाकघरात कोणीतरी झाकण पाडलं. मुंगीने एक पाय दुसऱ्या पायावर घासला.

"आणि पिल्लू झोपलं," मावशी म्हणाल्या.

मुलं हात धुवायला गेली. मावशी कंबरेला हात देत तंबूतून बाहेर आल्या. मुंगीची आई स्टुलावरच होती.

"म्हणेल गं," मावशी म्हणाल्या. "एकदा म्हणाली आहे ती. कधीतरी परत म्हणेल."

"म्हणेल तेव्हा म्हणेल. कशी म्हणायची ते सांगा."

"मला तिच्यासारखं कसं येणार?"

"येईल तसं सांगा. मी ऐकलंच नाहीये, मावशी."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढ्यातल्या कागदांकडे पाहिलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "रा", लांबवून, बारीक करायचा प्रयत्न करत. मध्येच त्यांचा आवाज चिरकला. थांबल्या. मग श्वासाबरोबर सोडून दिलं, "त".

मुंगीच्या आईने डोळे मिटले होते. "परत एकदा."

मावशींनी परत म्हटलं. या वेळी जरा वेगळं झालं, "त" लवकर आला.

"आधीचं बरोबर, की हे?"

"हे. नाही, थांब." त्यांनी ओठांतल्या ओठांत दोन्ही घोळवून पाहिली. "पहिलं असेल. बाई, खरं सांगू का, मलाच आता नीट आठवेनासं झालंय. डोक्यात मी म्हटलेलंच वाजतंय." मग माझ्याकडे वळून, "साहेब, तुम्ही सांगा. तुम्ही पण रोज ऐकलंय."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी रोज ऐकलं होतं, हे खरं. मी आठवून पाहिलं. पार्टिशन आठवलं, थांबलेलं पेन आठवलं, पण कानात आला तो मावशींचा आवाज, आत्ताचा, चिरकलेला.

"पहिलं असावं," मी म्हणालो.

मुंगीची आई मान हलवून पहिलं कसं होतं ते मनाशी म्हणू लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तोवर मुंगी भिंतीकडेने, कपाटाला वळसा घालून दारापर्यंत गेली होती. घरी जायची वेळ झाली हे तिला बरोबर समजतं. दोन्ही चपला हातात घेऊन ती आईची वाट बघत उभी होती.